दूध का कळकते?



ताक पितळी भांड्यात राहिले, की ते 'कळकले' असे आपण म्हणतो. या घरगुती शब्दात रसायनशास्त्राचा मोठा धडा आहे.

काळवंडलेला तांब्या चिंचेने घासला, की लखलखतो. मग तो काळा थर जातो कुठे? आंबटात विरघळून पाण्याबरोबर मोरीत जातो. कल्हई उडालेल्या भांड्यात ताक ठेवले, की तेच होते. फक्त विरघळलेले तांबे मोरीत न जाता आपल्या पोटात जाते. दूध तर आंबट नसते; तरी तेसुद्धा थोडे तांबे ओढून घेतेच.

दुधात मुळात तांबे असते, पण लिटरमागे एक मिलिग्रॅमहून पुष्कळ कमी. भांड्यातून आलेले जादा तांबे दुधातल्या स्निग्धांशाची आणि प्राणवायूची गाठ घालून देते. लग्न जुळवणारा मध्यस्थ स्वतः काही बोहल्यावर चढत नाही. एक लग्न उरकले, की पुढच्या घरी जायला मोकळा! तांब्याचेही तसेच. ते खर्ची पडत नाही, म्हणून थोडेसे असले तरी पुष्कळ नासधूस करते. दुधाला ओल्या पुठ्ठ्यासारखा वास येतो, लोणी खवट होते. गंजलेल्या लोखंडाचाही असाच उपद्रव होतो.

दूध आंबते ते जंतूंमुळे, आणि उकळल्याने जंतू मरतात. तांबे मात्र उकळून जात नाही.

वासाचे एक वेळ सोडा, बाळाचे काय? आपल्याकडे लहान मुलांना यकृताचा एक जीवघेणा आजार होत असे. पुण्यातल्या अशा मुलांच्या पाहणीतून १९८३ साली डॉक्टरांनी दाखवून दिले, की पितळी भांड्यात तापवलेले वरचे दूध फार लवकर सुरू करणे हे त्याचे एक संभाव्य कारण आहे. दुधातले केसीन तांब्याला घट्ट धरून ठेवते, ते असे बाळापर्यंत पोचते. पितळी भांडी मागे पडली, तसा हा आजारही दुर्मिळ झाला.

म्हणून दूध काढायला आणि तापवायला स्टेनलेस स्टीलचे भांडे घ्या. पितळीच वापरायचे, तर कल्हई शाबूत हवी. गंजलेली किटली बाद करा. दूध उन्हात ठेवू नका. उन्हानेही असाच वास येतो.

आणि गुरुजी, चिंच नि तांब्या एकदा वर्गात न्याच. मुले हा धडा घरी आईला सांगतील.