बादलमहाल : रतनपूरचा एक भग्न राजनिवास

रायपूरच्या उत्तरेस, बिलासपूरच्या पलीकडे रतनपूर ही हैहयवंशी कलचुरींची जुनी राजधानी आहे. तिच्या लगतच्या जुना शहर या वस्तीत बादलमहालाचे अवशेष आढळतात. सतराव्या आणि अठराव्या शतकांच्या संधिकालात राजा राजसिंह याने येथे राजपूर नावाची वसाहत वसविली व हा महाल उभारला. तो सात मजली होता अशी परंपरा आहे. आज वरचे मजले उरलेले नाहीत. रतनपूरचा किल्ला हे संरक्षणाचे स्थान, तर बादलमहाल हा निवास होय. हा भेद ध्यानात घेतला म्हणजे महालाच्या ऱ्हासाची संगती लागते.

किल्ल्याचा उपयोग नव्या सत्तेलाही असतो. एका राजाने हौसेने बांधलेल्या निवासाचे तसे नसते. राजसिंहामागे वारस उरला नाही. गादी त्याचा चुलता सरदारसिंह याजकडे आणि त्यानंतर रघुनाथसिंहाकडे गेली. १७४१ मध्ये नागपूरकर रघूजी भोसल्यांचे सेनानी भास्करराम कोल्हटकर यांनी रतनपूर जिंकले. १७५८ पासून १७८७ मधील आपल्या मृत्यूपर्यंत बिंबाजी भोसले यांनी रतनपुरात राहूनच कारभार केला. रामटेकडीवरील राममंदिर त्यांचेच. त्यांच्यामागून सुभेदारांची राजवट आली आणि १८१८ मध्ये इंग्रजी देखरेखीखाली कारभाराचे मुख्य ठाणे रायपुरास हलले. राजधानीच गेल्यावर तिच्या उपनगरातील महाल कोण सांभाळणार?

साहित्याच्या अभ्यासकाला या वास्तूचे महत्त्व निराळ्या कारणाने वाटावे. राजसिंहाच्या आश्रयास गोपाल मिश्र हा कवी होता. त्याच्या ‘खूब तमाशा’ या हिंदी काव्यात औरंगजेबकालीन राज्यव्यवहारावर उपरोध आहे. म्हणजे मराठे येण्यापूर्वीच या दरबाराला दिल्लीच्या सत्तेकडे चिकित्सक दृष्टीने पाहणारी वाणी लाभली होती. एकोणिसाव्या शतकात बाबू रेवाराम यांनी हैहयवंशाचा इतिहास लिहिला, तोही रतनपुरातूनच.

मराठी इतिहासात १७४१ ची घटना बहुधा बंगालच्या वाटेवरील एक विजय म्हणून येते; रतनपूरच्या दृष्टीने तो एका राजवंशाच्या अस्ताचा आरंभ होता. मोडी कागदांच्या जोडीला स्थानिक हिंदी ग्रंथ वाचले नाहीत, तर बादलमहाल हे केवळ एका पराभूत घराण्याचे पडके घर ठरेल. तेथे काव्याला आश्रय देणारा राजा राहत होता, हे मात्र निसटून जाईल.