ब्रॉइड : वेणी की भरतकाम?

१६११ सालच्या किंग जेम्स बायबलात, तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात, बायकांच्या केसांना ‘ब्रॉइडेड’ असं विशेषण लावलंय. पुढच्या काही आवृत्त्यांत तिथे ‘ब्रॉइडर्ड’, म्हणजे भरतकाम केलेले, असं छापलं गेलं. त्यामुळे मूळ शब्द ‘ब्रॉइडर्ड’च असणार आणि ‘ब्रॉइडेड’ ही छापखान्यातली चूक, अशी समजूत बोकाळली.

आहे नेमकं उलट. ‘ब्रॉइड’ हे वेणी घालण्यासाठीचं जुनं, रीतसर इंग्रजी क्रियापद, आजच्या ‘ब्रेड’चं भावंड (पावाशी संबंध नाही!). टिंडेलच्या १५२६च्या बायबल-भाषांतरात ते आहे. त्याआधी, चौदाव्या शतकात, कवी चॉसरनं आपल्या काव्यातल्या एमिलीच्या पाठीवरची वारभर लांब वेणी वर्णन करताना तेच वापरलं. मूळ ग्रीक शब्द ‘प्लेग्मा’; तोही गुंफण्याचा, टाके घालण्याचा नव्हे.

दोन्ही शब्दांचा उगम एकच, असंही बिनदिक्कत सांगितलं जातं. तेही खरं नाही. ‘ब्रॉइडर’ फ्रेंचमार्गे आला आणि त्याच्या मुळाशी टोचण्याची कल्पना आहे. ‘ब्रॉइड’ मात्र जुन्या इंग्रजीतल्या ‘ब्रेगडन’चा वंशज. कानाला जवळचे म्हणून पुढे दोघांची सरमिसळ झाली, एवढंच.

‘ब्रेगडन’ म्हणजे फक्त केस विंचरून तीन पेड एकमेकांवर टाकणं, असंही समजू नये. झटक्यात हलवणं, हिसका देणं, म्यानातून तलवार उपसणं हे सगळं त्यात येई. हात भराभर इकडून तिकडे फिरवण्यावरून विणणं आलं. ‘बेओवुल्फ’ काव्यात लोखंडी कड्यांचं चिलखत हातांनी गुंफलेलं आहे, ते याच क्रियापदानं. खरडपट्टी काढणं या अर्थाचा ‘अपब्रेड’ही याच घरचा. त्यात केस ओढण्याचा संबंध शोधणाऱ्यांनी तो नाद सोडावा. दोष वर काढून तोंडावर फेकणं, हा त्याचा मूळ भाव.

गंमत म्हणजे, रोमन काळातल्या केशरचनेत सुईदोरा खरंच होता असं दिसतं. लॅटिनमध्ये ‘आकुस’ म्हणजे सुईही आणि केसांचा आकडाही. अभ्यासक आकडाच धरून चालले होते. बाल्टिमोरच्या केशरचनाकार जॅनेट स्टीफन्स यांनी पुतळ्यांवरच्या रचना खऱ्या डोक्यांवर करून पाहिल्या. वेण्या लोकरीच्या दोऱ्यानं शिवल्या की त्या पक्क्या बसत. त्यांचा हा शोधनिबंध २००८ साली रोमन पुरातत्त्वाच्या नियतकालिकात छापून आला. तरी त्यानं ‘ब्रॉइडर्ड’वाल्यांचं काही साधत नाही: बायबलच्या त्या वचनात वेणी आहे, सोनं-मोती आहेत, सुई नाही.