वळवानं फोडलेला उजेडाचा पत्रा : बदलायचा कसा, आणि वर चढायचं कुणी?

संकेश्वर : एप्रिल-मेमध्ये दुपारभर अंगाची लाही होते, चारच्या सुमारास ढग भरून येतात आणि अर्ध्या तासात वळीव सगळं उलटंपालटं करून जातो. संकेश्वर, हुक्केरी, निपाणीपासून पलीकडं गडहिंग्लज-कागलपर्यंत दुसऱ्या दिवशी सकाळचं चित्र ठरलेलंच. कुणाचा आंबा झडलेला, कुणाची केळी आडवी, आणि गोठ्याच्या, गुऱ्हाळाच्या नाहीतर वर्कशॉपच्या छपरात मधेच एक मोठं भोक. नीट बघितलं तर हे भोक बऱ्याचदा लोखंडी पत्र्यात नसतं. आत उजेड यावा म्हणून मधेमधे टाकलेला पांढरट पत्रा फुटलेला असतो. कुठल्याही जातीचा असो, आपल्याकडं त्याला सरसकट ‘फायबर’ म्हणतात.

एक फायबर बदलणं हे तसं सकाळच्या दोन-तीन तासांचं काम. पण याच कामात माणसं छपरातून खाली पडतात. कारण साधं आहे. एक पत्रा गारेनं फुटला म्हणजे त्याच वर्षी टाकलेले शेजारचे दोन-तीन पत्रेही तितकेच कुजलेले असतात. त्यांच्यावर धूळ, शेवाळ, पाला बसलेला असतो, कुणीतरी वरून डांबराची पट्टी मारलेली असते. वरून बघताना लोखंडी कुठला आणि फायबर कुठला हे कळतच नाही. पाय पडला की माणूस सरळ खालच्या फरशीवर. सिमेंटच्या पत्र्याचंही तेच. वरून दगडासारखा दिसतो, पण जुना झाला की माणसाचं वजन घेत नाही.

आणि आपल्याकडं काय करतात? ‘पोरगं हलकं हाय, त्याला चढव वर.’ हे बंद करा. जुना फायबर शाळकरी पोराच्या वजनानंही फुटतो.

चढायच्या आधी खाली आत उभं राहून वर बघा. आतून उजेडाचे पत्रे स्पष्ट दिसतात. ते कितव्या ओळीत आहेत हे मोजून ठेवा आणि वर गेल्यावर त्यांच्या कडेला खडूनं खूण करा. थेट पत्र्यावर पाय ठेवू नका. निदान दोन आडव्या लोखंडी पाइपांवर टेकेल अशी लांब, जाड फळी टाका आणि तिच्यावरूनच वावरा. फळी खाली सरकू नये म्हणून आढ्याकडं दोरीनं बांधा, कमरेलाही दोर असू द्या. खाली जनावरं, माणसं ठेवू नका. काम सकाळी वारं नसताना करा. दुपारी तीननंतर हातात मोठा पत्रा धरून छपरावर उभं राहणं म्हणजे शीड धरून उभं राहण्यासारखं आहे.

मुळात हाच पत्रा आधी का जातो? एक तर ऊन. उन्हातल्या अतिनील किरणांनी प्लास्टिक कडक आणि पिवळं पडतं. फायबरग्लासमधले काचेचे धागे उघडे पडतात, हात फिरवला तर टोचतात. असा पत्रा गारेची वाट बघत बसलेला असतो. दुसरं कारण वारं. वारं छपराला वरून दाबतं असं आपल्याला वाटतं, पण छपरावरून जोरात जाताना ते पत्रा वर ओढतं. ही ओढ कडेला, कोपऱ्यात आणि आढ्याजवळ सगळ्यात जास्त. त्यात वाऱ्याच्या बाजूचं दार सताड उघडं राहिलं तर आतूनही रेटा बसतो. म्हणून वळीव येतोय असं दिसलं की आधी त्या बाजूचं दार लावायचं, मग वाळत घातलेल्या मिरच्या गोळा करायच्या. (संकेश्वरी मिरची असेल तर क्रम उलटा होतो, हे मान्य.)

तिसरं कारण मात्र आपल्याच हातचं. पॉलिकार्बोनेटचा दहा फुटी पत्रा तापमान ३० अंशांनी वाढलं तर सुमारे ६ मिलिमीटर लांब होतो. तेवढ्याच फरकानं लोखंडी पत्रा जेमतेम १ मिलिमीटर वाढतो. उन्हाळ्यात पहाट आणि दुपार यांच्यात छपरावर एवढा फरक सहज पडतो. पत्र्याला भोक स्क्रूच्या मापाचं घट्ट पाडलं तर त्याला हलायला जागा राहत नाही आणि भोकापासून चीर निघते. पुढच्या वादळात तिथूनच फाटतो. म्हणून पॉलिकार्बोनेटला भोक स्क्रूपेक्षा तीन-चार मिलिमीटर मोठं पाडायचं आणि वर रुंद वायसर घालायचा. वायसर इपीडीएम रबराचा घ्या, स्वस्तातला पीव्हीसीचा नको. पीव्हीसीमधला तेलकट अंश पॉलिकार्बोनेटला चिरा पाडतो.

दुकानात जाताना फुटलेल्या पत्र्याचा तुकडा सोबत न्या. नुसतं ‘दहा फुटी द्या’ म्हणून चालत नाही. सिमेंटच्या पत्र्याच्या लाटा मोठ्या, जुन्या गॅल्व्हनाइज्ड पत्र्याच्या साधारण तीन इंची, आणि रंगीत पत्र्याच्या प्रत्येक कंपनीच्या वेगळ्या. लाट जुळली नाही तर फट राहते, आणि मग कितीही सिलिकॉन मारलं तरी गळायचं ते गळतंच.

जुना पत्रा काढताना जे-हूक गंजलेले असतील तर कापून टाका, पिरगाळत बसू नका. शेजारचा पत्रा सिमेंटचा असेल तर तो ग्राइंडरनं कापू नका. त्यात अॅस्बेस्टॉस असू शकतं आणि त्याची धूळ फुप्फुसाला घातक. आपल्या देशात त्या पत्र्यावर बंदी नाही, पण युरोपात ते कधीच बंद झाले. कापायचाच झाला तर पाणी मारून, हातकरवतीनं, तोंडाला चांगला मास्क लावून.

नवा पत्रा वरच्या पत्र्याच्या खाली सरकवायचा आणि खालच्या पत्र्याच्या वर आणायचा, निदान सहा इंच चढ ठेवून. वरच्या पत्र्याचे दोन-तीन स्क्रू ढिले केले की तो आत जातो. बाजूचा चढ वाऱ्याकडं बघून. आपल्याकडं पावसाळी वारं पश्चिमेकडून, म्हणून पश्चिमेकडचा पत्रा वर आणि त्याची उघडी कड पूर्वेकडं. उलटं झालं तर वारं कडेत बोट घालून पत्रा उचलतं. पॉलिकार्बोनेटची एकच बाजू उन्हासाठी केलेली असते. तिच्यावरच्या कागदावर तसं छापलेलं असतं, ती बाजू वर. स्क्रू लाटेच्या उंचवट्यावर मारायचा, खोलगट भागात नाही, कारण पाणी तिथूनच वाहतं. वायसर नुसता टेकेपर्यंत पिळा, चेपेपर्यंत नको.

गाडीच्या टपावरच्या खिडकीलाही हेच लागू आहे. महाराष्ट्रानं २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, राहण्या-झोपण्याची सोय असलेल्या अशा गाड्या आता आपल्या महामार्ग ४८ वरूनही जाताना दिसतात. त्यांच्या टपावरची खिडकी बहुधा अॅक्रिलिकची, गारेनं तडकणारी. नुसतं झाकण फुटलं असेल तर झाकणच मिळतं का ते आधी बघा. चौकटच हलली असेल तर आतले स्क्रू काढून पूर्ण खिडकी उतरवावी लागते. टपावरचा जुना चिकट थर खरवडून पूर्ण काढायचा, ब्युटाइलची पट्टी फिरवायची, खिडकी बसवायची आणि समोरासमोरच्या कोपऱ्यांतले स्क्रू थोडे थोडे पिळत जायचं. जुन्या थरावरच सिलिकॉन फासलं तर पाणी आत मुरतं आणि छताचं प्लायवूड कुजल्यावरच आपल्याला कळतं.

आता पंचनामा. हे खरं तर सगळ्यात आधी सांगायला हवं होतं. पत्र्याला हात लावायच्या आधी आतून-बाहेरून फोटो काढा आणि फुटके तुकडे टाकू नका. कर्नाटकात अर्ज ग्राम आडळिताधिकाऱ्याकडं, महाराष्ट्रात ग्राम महसूल अधिकाऱ्याकडं. दोन्हीकडं आपण त्याला तलाठीच म्हणतो. मदतीचे केंद्राचे निकष मात्र दोन्ही राज्यांना एकच. २०२२ ते २०२६ या काळासाठी ठरलेल्या निकषांत निदान १५ टक्के पडझड झालेल्या पक्क्या घराला ६,५०० रुपये, कच्च्या घराला ४,००० रुपये आणि घराला लागून असलेल्या गोठ्याला ३,००० रुपये आहेत. राज्य त्यात स्वतःची भर घालू शकतं. म्हणजे घराचा एक फायबर फुटला म्हणून मदत मिळायची शक्यता कमी, पण गोठ्याचं छप्पर गेलं असेल तर अर्ज करायलाच हवा. इकडच्या बाजूला अर्ज कन्नडमध्ये मागतात. लिहून देणारं कुणी नसेल तर मराठीत लिहा, सोबत फोटो जोडा आणि पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका. मृग लागायच्या आत छप्पर झाकायचंच आहे, तोवर ताडपत्री बांधा आणि पंचनाम्याला कधी येणार ते रोज फोन करून विचारा.