तोंड उघडा पाहू!

दंतवैद्याचा धंदा ठणक्यावर चालतो. रात्रभर दाढेत लवंग धरूनही डोळ्याला डोळा लागला नाही, की मंडळी सकाळी माझ्या दारात हजर! पण इतकी वर्षे लोकांच्या तोंडात डोकावल्यावर मला धास्ती वाटते ती ठणकणाऱ्या दाढेची नव्हे, न दुखणाऱ्या चट्ट्याची. तोंडाचा कर्करोग सुरुवातीला बहुधा दुखत नाही. आणि ‘दुखत नाही ना, मग असू दे,’ हे आपले घरोघरचे तत्त्वज्ञान नेमके त्याच्या पथ्यावर पडते.

सणासुदीला हा विषय कशाला, असे वाचक म्हणतील. पण २०२२ सालच्या अंदाजाप्रमाणे भारतात एका वर्षात या रोगाचे १ लाख ४० हजारांहून अधिक नवे रुग्ण झाले. त्यांतले पुष्कळसे उशिरा येतात. वास्तविक हा रोग पोटात दडून बसत नाही, आरशात दिसतो.

कवळी बसवायला एका आजींना त्यांची सून घेऊन आली. आजींना मिश्रीची जुनी सवय. खालच्या ओठाच्या आत पांढरा चट्टा होता. बोळ्याने पुसला तरी निघेना. “अहो डॉक्टर, तिथं मला काही होत नाही,” आजी म्हणाल्या. तुकडा काढून तपासला. कर्करोग नव्हता, पण त्या वाटेवरचा मुक्काम होता. चट्टा काढला, मिश्री सुटली, आणि आता आजी दर सहा महिन्यांनी न चुकता दाखवायला येतात.

दुसरे एक तरुण दुकानदार. जिभेच्या कडेला जखम. ‘उष्णता झाली’ म्हणून तीन महिने गुलकंद आणि मलम चालले होते. त्यांचा जीव वाचला. पण निम्मी जीभ गेली, आणि गिऱ्हाइकाशी पूर्वीसारखे बोलणे कायमचे राहिले.

मग ओळखायचे कसे? दोन आठवड्यांत न भरणारी जखम, न पुसला जाणारा पांढरा चट्टा, मखमलीसारखा लाल चट्टा (हा पांढऱ्याहून घातक), गाठ, कारण नसताना हलू लागलेला दात, मानेतील न दुखणारी गाठ. आणखी एक खूण फराळाच्या ताटावरच सापडेल: सर्वांना बेताचा वाटणारा चिवडा एखाद्याच्याच तोंडाची आग करतो, आणि लाडू खाताना तोंड पुरते उघडत नाही. ही सुपारीची करणी. आपली तीन बोटे एकावर एक उभी धरून पुढच्या दातांत शिरत नसतील, तर वैद्याला दाखवावे. तंबाखू नसलेली नुसती सुपारीही कर्करोगाला कारण होते, हे लक्षात असू द्या.

महिन्यातून एकदा पाच मिनिटे काढा. हात धुऊन, कवळी काढून, चांगल्या उजेडात आरशासमोर उभे राहा. ओठ आतून, दोन्ही गाल, हिरड्या, टाळू, जिभेच्या दोन्ही कडा आणि जिभेखालची जागा पाहा, बोटाने चाचपा. तंबाखूची गोळी जिथे धरता, ती जागा दोनदा पाहा.

नुसत्या पाहण्याने काय होते? केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेवकांनी लोकांची तोंडे डोळ्यांनी तपासली. २००५ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले: तंबाखू किंवा मद्य घेणाऱ्यांत या रोगाचे मृत्यू सुमारे एक-तृतीयांशाने घटले!

‘तुकडा काढला की रोग पसरतो,’ ही समजूत खोटी आहे. पसरतो तो दिरंगाईने. लवकर सापडला, तर बहुतेक रुग्ण बरे होतात.

तेव्हा पाडव्याला मंडळी जमली, पानाचे तबक पुढे आले, की घरातल्या सुनेने, लेकीने किंवा नातवाने धीर करून म्हणावे, “काका, आधी तोंड उघडा पाहू!” काका रागावतील. रागावू द्या.