विश्लेषण : जीव लावून आणलेला कुत्रा चावू लागला तर काय करावे?

तळेगाव, सोमाटणे, परंदवडी, बेबडओहोळ या मावळच्या पट्ट्यात बंगले आणि फार्महाऊस उभी राहिली, तसे रस्त्यावरचा किंवा कुणी सोडून दिलेला कुत्रा घरी आणणारेही दिसू लागले. पहिले काही दिवस गरीब वाटणारा हा कुत्रा अचानक गुरगुरतो, कधी घरातल्याच माणसाला चावतो. तेव्हा काय करायचे?

पुन्हा सोडून देता येते का?

नाही. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात प्राणिप्रेमींना पालिकेकडे अर्ज करून भटके कुत्रे दत्तक घेण्याची मुभा दिली. मात्र असा कुत्रा पुन्हा रस्त्यावर येणार नाही, ही जबाबदारी दत्तक घेणाऱ्यावरच टाकली. उपाशी-तहानलेला राहील अशा स्थितीत पाळीव प्राणी सोडून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसारही गुन्हा आहे.

कुत्रा चावतो का?

बहुतेक वेळा कारण भीती असते. मार खाल्लेल्या कुत्र्याला अंगावर येणारा हात म्हणजे मारच वाटतो. उपासमार झालेला कुत्रा ताटलीजवळ कुणाला येऊ देत नाही. कानातली जखम, सांधेदुखी, किडलेला दात ही कारणेही असतात. म्हणून पहिली भेट पशुवैद्यकाची, प्रशिक्षकाची नंतर.

फार्महाऊसवर आठवडाभर साखळीला बांधलेला कुत्रा चिडका होतो, यात नवल नाही. आखूड किंवा जड साखळीने अवाजवी काळ बांधून ठेवणे आणि सतत बांधलेल्या कुत्र्याला फिरवून न आणणे, या दोन्ही गोष्टी वरील कायद्यात क्रूरतेतच मोडतात.

चावण्याआधी कळते का?

बहुधा कळते. तोंड फिरवणे, ओठ चाटणे, झोप नसताना जांभई देणे, शेपटी पोटाशी घेणे, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणे, अंग ताठ करणे आणि मग गुरगुरणे, असा क्रम साधारण दिसतो. गुरगुरला म्हणून मारू नका. मारल्याने भीती जात नाही, फक्त इशारा बंद होतो. पुढच्या वेळी तो न गुरगुरता चावतो.

‘मालक कोण ते दाखवून द्या’ हा सल्लाही चुकीचा. लांडग्यांमधील ‘अल्फा’ची कल्पना पुस्तकातून लोकप्रिय करणारे संशोधक डेव्हिड मेक यांनीच पुढे ती दुरुस्त केली.

घरी काय करावे?

- पहिले दोन-तीन आठवडे एक शांत कोपरा द्या. पाहुणे आणि जबरदस्तीचे लाड टाळा.
- जेवताना, झोपेत त्याला हात लावू नका. तोंडातली वस्तू ओढून न घेता चांगला खाऊ देऊन बदल्यात घ्या.
- ज्याची भीती वाटते ते लांबून दाखवा, शांत राहिला की खाऊ द्या. अंतर रोज थोडेच कमी करा.
- जाळीचे, तोंड उघडता येईल असे मुसके खाऊ देत हळूहळू सवयीचे करा.
- लहान मुले आणि कुत्रा यांना एकटे सोडू नका.

चावलाच तर?

जखम लगेच साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवा. हळद, चुना, तिखट लावू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. त्वचेत दिल्या जाणाऱ्या लशीचे डोस ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी असतात. रक्त आले असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावे लागते. कुत्र्यावर १० दिवस लक्ष ठेवा, पण त्यासाठी लस थांबवू नका. आवाज बदलणे, लाळ गळणे, गिळता न येणे ही रेबीजची लक्षणे असू शकतात. अशा कुत्र्याजवळ न जाता पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा.

दुसऱ्याला चावला तर?

पाळीव प्राण्यापासून धोका होऊ नये याची काळजी न घेतल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. म्हणून रेबीजची लस दरवर्षी द्या, त्याचे कार्ड जपून ठेवा आणि बाहेर नेताना कुत्रा पट्ट्यावरच असू द्या. चावे खोल होत असतील किंवा वाढत असतील, तर घरगुती उपाय थांबवून वर्तनाचा अनुभव असलेल्या पशुवैद्यकाकडे जा.