गाडीतला कॅमेरा: सेटिंग चुकले तर गवाही निकामी

टेम्पो, पिकअप किंवा टॅक्सी चालवणाऱ्या आपल्या बांधवांना एक अनुभव नेहमीचा आहे. अपघात झाला की गर्दी जमते आणि चूक कोणाचीही असो, दोष मोठ्या गाडीवाल्याच्या माथी येतो. ज्याने कट मारला तो केव्हाच पसार झालेला असतो. म्हणून समोरच्या काचेला डॅशकॅम लावण्याकडे कल वाढला आहे, आणि ते योग्यच आहे. परंतु कॅमेरा खोक्यातून काढला, काचेला चिकटवला आणि विसरला, असे बहुतेक ठिकाणी होते. वेळ येते तेव्हा समोरची गाडी दिसते, तिचा रंगही दिसतो; नंबर मात्र वाचता येत नाही.

दुकानदार ‘फोर-के घ्या’ म्हणतो. आपण व्यापारी माणसे, तेव्हा आधी हिशेब करू. कारच्या नंबरप्लेटची लांबी ५०० मिलिमीटर, म्हणजे अर्धा मीटर. कॅमेऱ्याची भिंग साधारण १४० अंशांचा रुंद देखावा टिपते. फुल एचडी, म्हणजे १०८०पी चित्रात आडवे १,९२० ठिपके असतात. ते १४० अंशांवर वाटले तर दर अंशाला जेमतेम १४ ठिपके पडतात. दहा मीटरवरच्या गाडीची प्लेट तीन अंशांहूनही कमी जागा व्यापते, म्हणजे तिच्या वाट्याला ४० ठिपके. त्यात दहा अक्षरे आणि आकडे बसवायचे, तर एकेकाला चार ठिपके. यात ‘८’ आणि ‘३’ ओळखणार कसे? पाच मीटरवर ठिपके दुप्पट होतात आणि नंबर कसाबसा लागतो. १४४०पी मध्ये दहा मीटरवर ५० च्या आसपास, तर फोर-के मध्ये ८० च्या आसपास ठिपके मिळतात. १७० अंशांची भिंग घेतली तर हे सारे आकडे आणखी खाली येतात. ‘जास्त रुंद दिसते’ हा गुण नंबर वाचण्याच्या कामी उलटाच ठरतो.

मग फोर-केच का नको? एक तर स्वस्त कॅमेऱ्यांत फोर-के फक्त खोक्यावर असते. आतला सेन्सर लहान चित्रच ताणून मोठे करतो. दुसरे, कार्डाचा प्रश्न. दर सेकंदाला किती माहिती कार्डावर लिहिली जाते, त्याला बिटरेट म्हणतात. १६ मेगाबिटला तासाला सुमारे ७ जीबी लागतात, म्हणजे ६४ जीबीच्या कार्डात जवळपास नऊ तास मावतात. फोर-के ४० मेगाबिटने चालवले तर तासाला १८ जीबी, आणि तेच कार्ड साडेतीन तासांत भरून जुन्या चित्रणावर नवे लिहू लागते. भिवंडीहून संध्याकाळी निघालेला टेम्पो रात्री मालेगावात माल उतरवतो आणि मागच्या बाजूला ठोकर बसल्याचे सकाळी कळते, तोवर संध्याकाळचे चित्रण गेलेले असते. बिटरेट कमी करून जागा वाचवली तर चित्र धूसर होते, मग फोर-के घेऊन काय मिळवले? आमच्या मते १४४०पी, ३० फ्रेम, बिटरेट ‘हाय’ आणि १२८ जीबीचे ‘हाय एन्ड्युरन्स’ कार्ड हा मध्यममार्ग उत्तम. ६० फ्रेमने जागा जास्त लागते आणि रात्री प्रत्येक फ्रेमला उजेड कमी मिळतो.

रात्रीचे गणित वेगळे आहे. अंधारात कॅमेरा प्रत्येक फ्रेमसाठी झडप जास्त वेळ उघडी ठेवतो. ती सेकंदाचा तिसावा भाग उघडी राहिली, आणि दोन गाड्या ताशी ६० च्या वेगाने समोरासमोर येत असतील, तर तेवढ्यात त्यांच्यातले अंतर एक मीटरहून अधिक घटते. नंबर पुसट होणारच. त्यात आपल्याच हेडलाइटने प्लेट पांढरीफटक पडते. एक्स्पोजर शून्यावरून उणे अर्ध्याच्या आसपास आणले तर थोडा फरक पडतो. बाकी कोणतेही सेटिंग रात्री चमत्कार करत नाही. यावर साधा उपाय म्हणजे आवाज चालू ठेवून नंबर मोठ्याने वाचणे. मात्र टॅक्सीत प्रवासी असतील तर आवाज बंद ठेवावा किंवा त्यांना आधी सांगावे. दुसऱ्यांच्या खाजगी गोष्टींची टेहळणी करण्यास सूरह हुजुरातमध्ये मनाई आहे, हे आपण जाणतोच.

जनावरे, कातडी किंवा मांसाची कायदेशीर वाहतूक करणाऱ्यांना रस्त्यात अडवण्याचे प्रकार घडले आहेत. त्यांनी आवाज चालू ठेवावाच, शिवाय जमल्यास सिमकार्डवर चालणारा, चित्रण लगेच दूर साठवणारा कॅमेरा घ्यावा. काचेवरचा कॅमेरा हिसकावून नेणे एका क्षणाचे काम असते.

जी-सेन्सर ‘लो’ वर ठेवा. धक्का बसला की तो ती फाइल कुलूपबंद करतो, म्हणजे तिच्यावर नवे लिहिले जात नाही. आपल्या रस्त्यांवर ‘हाय’ ठेवले तर प्रत्येक खड्डा अपघात ठरतो आणि अशा फाइलींनी कार्ड भरून जाते. लूप तीन मिनिटांचा पुरे. वीजवारंवारता ५० हर्ट्झ निवडावी, म्हणजे रस्त्यावरचे दिवे लुकलुकत नाहीत. कार्ड महिन्यातून एकदा फॉरमॅट करावे.

आता सर्वांत दुर्लक्षित सेटिंग: तारीख आणि वेळ. अनेक कॅमेरे कारखान्यातून चीनच्या वेळेवर येतात, म्हणजे आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. चित्रणावर रात्री साडेअकरा आणि पोलिसांच्या पंचनाम्यात रात्रीचे नऊ असतील, तर समोरचा वकील तेवढेच पकडून बसेल. वेळ ‘जीएमटी अधिक ५:३०’ करून आठवड्याला एकदा घड्याळाशी ताडून पाहावी.

कोर्टात जायची वेळ आली तर आणखी एक अट आहे. जालना मतदारसंघाच्या निवडणूक वादात सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केले की इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसोबत प्रमाणपत्र आवश्यक आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्येही ती अट कायम असून, प्रमाणपत्रात फाइलचे ‘हॅश’ मूल्य लिहावे लागते. फाइलमध्ये किंचित बदल झाला तरी हे मूल्य बदलते. म्हणून अपघातानंतर ताबडतोब कार्ड काढून बाजूला ठेवावे आणि गाडीत दुसरे घालावे. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवलेली प्रत दाबून लहान केलेली असते. नातेवाइकांना दाखवायला ती ठीक, वकिलाला मात्र मूळ कार्डच द्यावे. चित्रण छाटू नये, नाव बदलू नये. आणि त्यात आपल्याच ड्रायव्हरची चूक दिसत असेल तर? तेव्हाही ते पुसायचे नाही. पुरावा नष्ट करणे हा गुन्हा आहे, आणि स्वतःविरुद्ध असली तरी खरी गवाही द्यावी हा हुकूम सूरह निसामध्ये आहेच.