दफिन्यातला इतिहास, लिलावातली किंमत

नाशिक जिल्ह्यातल्या जोगलटेंभी गावी १९०६ साली चांदीच्या नाण्यांचा दफिना सापडला. नाणी १३ हजारांहून अधिक, सगळी क्षहरात वंशातला क्षत्रप राजा नहपान याची. एका बाजूला राजाचं मुख आणि ग्रीक अक्षरं. दुसऱ्या बाजूला बाण, वज्र आणि ब्राह्मी-खरोष्ठी लेख. पण त्यांतल्या ९ हजारांहून अधिक नाण्यांवर नहपानाच्या छापावरच दुसरा ठसा मारलेला होता. एकीकडे तीन कमानींचा डोंगर, दुसरीकडे उज्जैन चिन्ह आणि नाव सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीचं.

तिथून जवळच, पांडवलेण्यातल्या एका लेखात सातकर्णीची आई गौतमी बलश्री सांगते की आपल्या मुलानं क्षहरातांचा वंश निःशेष केला. आईनं मुलाची केलेली स्तुती इतिहासकारानं किती मनावर घ्यायची? जोगलटेंभीच्या नाण्यांनी त्याचं उत्तर दिलं. हरलेल्या राजाचा पैसा गोळा करून, त्यावर आपली मोहर उमटवून तो पुन्हा चलनात आणला गेला होता. रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी हा दफिना तपासला, तेव्हा नहपानाचे चेहरेही एकसारखे नाहीत हे त्यांच्या ध्यानात आलं. कुठे तरुण, कुठे वृद्ध, कुठे नाकाची ठेवणच निराळी. नाणी शेकड्यांनी शेजारीशेजारी मांडता आली, म्हणूनच हे दिसलं.

नहपानाचा जावई उषवदात यानं त्याच पांडवलेण्यात आपल्या दानाचा हिशोब कोरून ठेवला आहे. ३५ कार्षापणांचा (चांदीच्या नाण्यांचा) एक सुवर्ण (सोन्याचं नाणं), या दरानं ७० हजार कार्षापण म्हणजे २ हजार सुवर्ण. भिक्षूंच्या वस्त्रांसाठी त्यानं विणकरांच्या श्रेणीकडे ठेवलेल्या रकमेचा व्याजदरही तिथे आहे: शेकडा दरमहा एक. सुमारे १९०० वर्षांपूर्वीच्या नाशकातला विनिमयाचा भाव आणि ठेवीवरचं व्याज आपल्याला ठाऊक आहे, ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

आता कल्पना करा, जोगलटेंभीचा तो दफिना सोनाराकडे मोडीत गेला असता, किंवा मूठमूठ करून चार व्यापाऱ्यांत वाटला गेला असता. एकेक नाणं आजही कुणाच्या तरी अल्बममध्ये असतं. मात्र किती नाण्यांवर नवा ठसा होता आणि किती तशीच राहिली होती, हे प्रमाण कायमचं हरवलं असतं.

लिलावाच्या दालनात नेमकं हेच जाणवतं. मुंबईत टोडीवाला, ओसवाल, बंगळुरात मरुधर अशी नाणी-नोटांचे लिलाव करणारी घरं आहेत. कॅटलॉगमध्ये प्रत्येक लॉटचं वजन, टांकसाळ, साल, अवस्था आणि अंदाजी किंमत छापलेली असते. हातोडा पडल्यावर बोलीच्या रकमेवर लिलावघराचं कमिशन आणि कर चढतो. १०० वर्षांपेक्षा जुनं नाणं देशाबाहेर नेता येणार नाही, ही १९७२ च्या पुरावस्तू कायद्यातली अट तिथे लागू असते. या कॅटलॉगांनी संग्राहकांना डोळसपणे पाहायला शिकवलं, त्यांचे उपकार मोठे आहेत. पण प्राचीन नाण्यांच्या नोंदींत ‘कुठे सापडलं’ हा रकाना जवळजवळ नसतोच.

आणि किंमत तरी कशानं ठरते? वयानं मुळीच नाही. जोगलटेंभीच्या दफिन्यामुळेच नहपानाचं नाणं फारसं दुर्मीळ राहिलेलं नाही. उलट १९३९ चा मुंबई टांकसाळीचा रुपया संग्राहकांचं स्वप्न असतो, कारण १९४० मध्ये रुपयातली चांदी निम्म्यावर आली आणि आदल्या वर्षीची जास्त चांदीची नाणी फारशी बाहेर पडलीच नाहीत. १९११ च्या रुपयाची गोष्ट आणखी बोलकी. पंचम जॉर्जच्या पोशाखावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, ओरड झाली आणि ९४ लाखांपैकी ७ लाख वगळता बाकीचे रुपये परत घेऊन वितळवले गेले. नोटांमध्ये अडीच रुपयांची नोट अशीच दुर्मीळ. पहिल्या महायुद्धात चांदीचा तुटवडा पडला म्हणून ती १९१८ च्या जानेवारीत निघाली आणि १९२६ मध्ये बंद झाली. नाशिकच्या छापखान्यानं फाळणीनंतर पाकिस्तानसाठी त्या सरकारचं नाव वर छापून दिलेल्या भारतीय नोटाही आज शोधून शोधून घेतल्या जातात.

जिथे भाव तिथे नक्कल. शिवराज्याभिषेकानंतरचा सोन्याचा होन अतिशय दुर्मीळ, त्यामुळे बनावट होनांना तोटा नाही. तांब्याची शिवराई मात्र अजून जुन्या तांब्याच्या मोडीत सापडते. तिच्यावरच्या ‘श्री राजा शिव’ आणि ‘छत्रपति’ या अक्षरांची वळणं आणि शुद्धलेखनाचे भेद टिपण्यात आपल्याकडच्या हौशी संग्राहकांनी आयुष्यं घातली आहेत. अशा माणसांविषयी मला मनापासून आदर आहे. मोबाइलवर फिरणाऱ्या जाहिरातींशी त्यांचा काही संबंध नाही. वैष्णोदेवीचं चित्र असलेल्या नाण्याला लाखो रुपये मिळतील, त्याआधी ‘नोंदणी शुल्क’ भरा, असं सांगणारा निव्वळ लुटारू असतो. जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात आपण पडत नाही आणि त्यासाठी कुठलंही शुल्क घेत नाही, हे रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केलं आहे.

‘कुठे सापडलं’ ही नोंद हरवण्याची खरी अडचण मात्र शेतात सुरू होते. नांगराला मडकं लागतं, पाया खणताना नाणी निघतात. अशा वेळी आजही १८७८ चा गुप्तधन कायदा लागू आहे. जमिनीत १० रुपयांहून अधिक मोलाचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं. लपवलं तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड. चौकशीत मालक सापडला नाही तर शोधणाऱ्याला तीन-चतुर्थांश आणि जमीनमालकाला एक-चतुर्थांश, अशी तरतूद त्यात आहे. पण सरकारला ते धन हवं असेल तर मोबदला मिळतो तो धातूची किंमत अधिक तिचा एक-पंचमांश. म्हणजे सातवाहनांचं दोन ग्रॅमचं नाणं आणि दोन ग्रॅमची चांदी यांत कायद्याच्या लेखी फरक फक्त वीस टक्क्यांचा. पोलीस, पंचनामे, कोर्टाच्या तारखा वेगळ्याच. मग माणूस गुपचूप सोनाराकडे गेला तर त्याला एकट्याला दोष कसा द्यायचा?

इंग्लंडनं १९९६ मध्ये आपला जुना कायदा बदलला. तिथे संग्रहालयानं दफिना ठेवून घेतला, तर तज्ज्ञांच्या समितीनं ठरवलेला बाजारभाव शोधणाऱ्याला आणि जमीनमालकाला वाटून मिळतो. सोबत सुरू झालेल्या नोंदणी योजनेत दहा लाखांहून अधिक वस्तूंची नोंद झाली आहे, तीही बहुतांशी सामान्य माणसांनी आपणहून आणून दाखवलेल्या. हे आपल्याकडे करायला अवघड काय आहे? नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे, मुंबईत रिझर्व्ह बँकेचं चलन संग्रहालय आहे, जाणते संग्राहक गावोगाव आहेत. मूल्यांकन करू शकणारी माणसं आहेत. बदलायला हवं ते दीडशे वर्षांपूर्वीचं एक-पंचमांशाचं कलम.

तोवर एवढं तरी करा. जमिनीत नाणी सापडली तर ती चिंचेनं किंवा आम्लानं घासू नका, वाटून टाकू नका. मडक्यासकट जागेवरच फोटो काढा, नाणी मोजा, गट नंबर लिहून ठेवा आणि जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज देऊन त्याची पोच घ्या.